घरात तान्हं बाळ आणि थोरल्याची शी-शूची सवय : सोलापूरकर पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोरलं मूल दीड ते साडेतीन वर्षांचं आणि मांडीवर तान्हं बाळ, किंवा बाळ यायला काही महिने बाकी, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. काही दिवसांआड येणारं पाणी, मार्चपासून तापणाऱ्या फरश्या, बसायचे भारतीय संडास आणि जुन्या पेठांमधल्या सामाईक मोऱ्या या सगळ्याचा या कामाशी थेट संबंध येतो. म्हणून उत्तरं सोलापुरातल्या घरांना धरून दिली आहेत.

बाळ येण्याआधी सवय लावावी की नंतर?

बाळंतपणाला तीन महिन्यांपेक्षा जास्त अवधी असेल आणि थोरलं तयार दिसत असेल (तयारीची लक्षणं पुढच्या प्रश्नात आहेत), तर आत्ताच सुरुवात करा. दोन महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर थांबा. दिवसाची सवय पक्की व्हायला काही मुलांना तीन-चार आठवडे लागतात, तर काहींना तीन ते सहा महिने. नुकतीच शिकलेली गोष्ट घरात उलथापालथ झाली की सगळ्यात आधी सुटते. अर्धवट शिकलेलं मूल आणि सात दिवसांचं बाळ एकाच वेळी सांभाळण्यापेक्षा दोघांनाही डायपर बांधलेला बरा.

आधी जमलं नाही तर बाळंतपणानंतर सवा महिना हा विषयच काढू नका. बारसं होऊ द्या, पाहुण्यांची ये-जा थांबू द्या, बाळाच्या पिण्याला जरा लय येऊ द्या. बाळ दोन ते तीन महिन्यांचं झाल्यावर बहुतेक घरांत ही वेळ येते.

दोन पोरांच्या डायपरचा खर्च महिन्याच्या हिशेबात टोचतो आणि त्यापायी घाई होते. पण मूल तयार नसताना सुरू केलं तर तेच काम दुपटीने लांबतं, आणि डायपरचे वाचलेले पैसे साबणात आणि पाण्यात जातात. तारीख ठरवायची ती थोरल्याच्या शरीराकडे बघून. धाकट्याच्या जन्मतारखेवरून किंवा बालवाडीच्या प्रवेशावरून ती ठरवू नका.

थोरलं तयार आहे हे कशावरून ओळखायचं?

वय हा ढोबळ अंदाज झाला. बहुतेक मुलं १८ महिने ते ३ वर्षं या काळात कधीतरी तयार होतात. खरी खूण म्हणजे डायपर किंवा चड्डी सलग दीड-दोन तास कोरडी राहणं. म्हणजे मूत्राशय आता लघवी साठवू शकतं. त्याच्या जोडीला मुलाला स्वतः खाली बसता-उठता यावं, चड्डी ओढून गुडघ्यापर्यंत नेता यावी, ‘चप्पल घे आणि इकडे ये’ अशी दोन पायऱ्यांची सूचना समजावी. ओलं झाल्यावर ते चिडतं का, शी करताना दाराआड किंवा पलंगामागे जातं का, तेही पाहा. आडोसा शोधणारं मूल ‘मला कळतंय’ हेच सांगत असतं.

तीन दिवस दर तासाला डायपरला हात लावून बघा आणि कॅलेंडरच्या मागे वेळ टिपून ठेवा. शीची वेळ बऱ्याच मुलांत ठरलेली निघते, बहुधा सकाळच्या खाण्यानंतर. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

बाळंतपणासाठी माहेरी जायचंय. तिथे सुरू करू का?

नको. जागा नवी, माणसं वेगळी, संडास वेगळा आणि त्यात आई दवाखान्यात. एवढं सगळं एकदम बदलत असताना आणखी एक बदल घुसवू नका. आधीच सवय लागलेली असेल तर मात्र तीच पॉटी, तेच फडकं, तेच शब्द माहेरी घेऊन जा. अक्कलकोट, बार्शी किंवा लातूरपर्यंतच्या एसटीच्या प्रवासात पॉटीचं ओझं वाटतं खरं, पण ओळखीची पॉटी सोबत असली की पहिले आठ दिवस निभावतात.

थोरलं सोलापुरातच बाबा-आजीपाशी राहणार असेल तर उलट विचार करता येतो. मूल तयार आहे, घर तेच आहे आणि दिवसभर सांभाळणारं माणूस एकच आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर बाबा किंवा आजी सुरुवात करू शकतात. मात्र आई परत आल्यावर दोन-चार आठवडे घसरण होईल, हे आधीच धरून चला.

काय काय सामान लागतं?

रुंद बुडाची, आतलं भांडं निघणारी साधी प्लॅस्टिकची पॉटी घ्या. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर शीसाठी जोर लावता येत नाही. गाणी वाजणारी, दिवे लागणारी पॉटी टाळा. मूल तिच्याशी खेळत बसतं आणि कशासाठी बसलोय ते विसरतं.

ढिल्या इलॅस्टिकच्या सुती चड्ड्या १० ते १२ घ्या. नाडी, बटण, घट्ट लेगिंग नको. मेणकापडाचे किंवा रबरी शीटचे दोन मोठे तुकडे मेडिकलमधून आणा. आणि टेरी टॉवेलचे सात-आठ तुकडे हवेत. हे सोलापुरात सहज मिळतात. किरकोळ डागाचे किंवा कडा बिघडलेले टॉवेल स्वस्तात घेऊन त्यांचे हातभर लांबीचे तुकडे शिवून घ्या. नवं टेरी कापड पहिल्या धुण्यापर्यंत पाणी नीट शोषत नाही, म्हणून वापरण्याआधी दोन-तीनदा धुऊन काढा. फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, त्याने शोषण कमी होतं.

मुलाच्या अंगाखाली सोलापुरी चादर मात्र घालू नका. जाड सुताची असल्याने एकदा ओली झाली की पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि धुवायला पाणीही भरपूर लागतं. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १०० मिली लघवी मावते. तेवढ्याला टेरीचा एक दुहेरी तुकडा पुरतो.

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तरी सुरुवात पॉटीनेच करा. त्या भांड्याची फट लहान पावलांना मोठी पडते, फरशी ओली असते, आणि एकदा पाय घसरला की मूल महिनाभर तिकडे फिरकत नाही. पॉटीवर पक्कं झाल्यावर हात धरून संडासाकडे वळवा. कमोड असेल तर आत बसणारी छोटी सीट आणि पायाखाली न हलणारा पाट, दोन्ही लागतात.

पाणी रोज येत नाही. हे निभवायचं कसं?

ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्याच दिवशी सुरुवात करा. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात ओले असतात. दिवसाला पाच ते आठ चड्ड्या धरा, आणि रोज दोन बादल्या जादा पाणी लागेल असं समजा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, पिंपं तळाला गेलेली असताना सुरुवात केली, तर दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांचा तोल जातो आणि तो मुलावर निघतो.

नुसत्या शूच्या चड्ड्या लगेच मगभर साध्या पाण्यातून पिळून एका बादलीत टाका. साबणाने एकदाच, संध्याकाळी धुवा. शीची चड्डी असेल तर आधी शी संडासात झटका, मग गार पाण्याने डाग काढा, मग अर्धा तास साबणात भिजवा. सुरुवातीलाच गरम पाणी ओतलं तर डाग बसतो. बाळाचे कपडे धुतल्यावरचं शेवटचं पाणी पॉटी विसळायला आणि संडासात ओतायला ठेवता येतं. कपडे उन्हात वाळवा. आपल्याकडचं ऊन वास काढायला पुरेसं आहे.

बोअरच्या जड पाण्याने टेरी कडक होतं. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाकलं की मऊ राहतं. ब्लीच वापरणार असाल त्या दिवशी व्हिनेगर अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

मी बाळाला पाजत असते आणि नेमकं तेव्हाच थोरलं ‘शू’ म्हणतं. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याची दोन कारणं आहेत. एक तर आई जागेला खिळलेली आहे आणि आपल्याकडे बघत नाही, हे थोरल्याला बरोबर कळतं. दुसरं म्हणजे वेळाच जुळून येतात. तान्हं बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. थोरल्याचं मूत्राशयही साधारण तेवढ्याच वेळात भरतं.

वेळा जुळतात याचाच फायदा घ्या. बाळाला उचलायच्या आधी थोरल्याला पॉटीवर बसवा. ‘आधी तुझी शू, मग बाळाचं दूध.’ दर वेळी हाच क्रम आणि हेच शब्द. दोन-तीन मिनिटं पुरेत. झाली तर ठीक, नाही झाली तरी ठीक. घड्याळ लावून दर तासाला उठवण्यापेक्षा हे आईला सोपं जातं, आणि थोरल्याला पहिला मान मिळतो.

पॉटी मोरीत ठेवू नका. पाजायला बसता त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, मेणकापडावर ठेवा. शेजारच्या टोपलीत कोरडी चड्डी, टेरीचा तुकडा, पाण्याची छोटी बाटली, आणि पाजतानाच थोरल्याच्या हाती पडणारी दोन-तीन चित्रांची पुस्तकं असू द्या. मुलाला चड्डी स्वतः काढायला आधीच शिकवा. मग तुम्ही बसल्या जागेवरून नुसतं ‘चड्डी खाली, बस’ म्हटलं तरी काम होतं.

तरीही उठावं लागलंच, तर बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी हळूच आत घालून पकड सोडवा. बाळाला जमिनीवरच्या गादीवर पाठीवर झोपवा आणि मग जा. पलंगाच्या कडेला किंवा दोन उशांच्या मध्ये ठेवू नका. बाळ मिनिटभर रडलं तर काही बिघडत नाही. आणि थोरलं त्याच्या जवळ एकटं राहणार नाही, एवढं बघा.

दिवसातून किती वेळा बसवायचं?

उठल्याबरोबर, प्रत्येक मोठ्या खाण्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी, बाळाच्या पाजण्याआधी, बाहेर पडताना आणि झोपताना. पोटात अन्न गेलं की आतड्याची हालचाल वाढते, म्हणून खाण्यानंतरची बैठक शीसाठी सर्वांत फळते. एका वेळी तीन ते पाच मिनिटं. त्याहून जास्त बसवून ठेवणं ही शिक्षा होते. मुलग्यांनाही आधी बसूनच शिकवा. उभं राहायची घाई केली की शीच्या वेळीही ते बसायला नकार देतात.

सिझेरियन झालंय, थोरल्याला उचलता येत नाही.

उचलूच नका. दोन-अडीच वर्षांचं मूल ११ ते १३ किलोचं असतं, आणि पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असं डॉक्टर सांगतातच. पॉटी जमिनीवर असल्याचा फायदा इथे दिसतो, मूल स्वतः चालत येऊन बसतं. पुसणं आणि भांडं ओतणं घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. बाबा कामाला जाण्याआधीची सकाळची शी आणि रात्रीची शू ही बाबांची ठरलेली कामं असू द्यात. ‘मदत करतो’ असं म्हणून चालत नाही, ठरलेलं काम हवं. रोज तेच माणूस त्या वेळी हजर असलं की मूलही त्याच्यासोबत बसायला शिकतं, आणि फक्त आईच हवी हा हट्ट कमी होतो.

चांगली सवय लागली होती. बाळ आल्यावर पुन्हा चड्डीत करायला लागलं. मुद्दाम करतंय का?

नाही. बाळ आल्यावर आधी जमलेली गोष्ट सुटणं फार सर्रास दिसतं. बोबडं बोलणं, बाटली मागणं, मांडीवर झोपण्याचा हट्ट हे त्याचेच भाऊबंद. सारखं ओलं राहणाऱ्याकडे घर धावून येतं हे थोरलं रोज बघतं. त्यात राग कमी आणि काळजी जास्त असते.

चड्डी बदलताना आवाज चढवू नका, नाक मुरडू नका, ‘दादा झालास ना आता’ किंवा ‘ताई असून अशी करतेस’ हे वाक्य तर नकोच. त्याला वाटतं, दादा होणं हाच तोटा आहे. ‘ओलं झालं. चल, कोरडं घालू,’ एवढंच म्हणा. ओली चड्डी बादलीत टाकायचं काम त्याला द्या, पण ते शिक्षेच्या सुरात नको. पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका आणि कोणी काढला तर तिथेच थांबवा.

यावर सर्वांत लागू पडणारा उपाय म्हणजे रोजची पंधरा मिनिटं. बाळ दुसऱ्या कुणाकडे किंवा झोपलेलं, फोन बाजूला, आणि त्या वेळात काय करायचं ते थोरलं ठरवेल. ओलं झालं म्हणून ही पंधरा मिनिटं कापायची नाहीत आणि कोरडं राहिलं म्हणून बक्षीस द्यायचं नाही. ती त्याची हक्काची. अशी घसरण बहुधा काही आठवड्यांत सावरते. महिना-दीड महिना होऊनही दिवसाला चार-पाच वेळा ओलं होत असेल, तर सरळ डायपरवर परत जा आणि दोन महिन्यांनी नव्याने सुरू करा. त्यात हार वगैरे काही नाही.

बाळासारखा डायपर मला पण घाल म्हणतं.

घाला. एखादा तास घातला की हौस फिटते. नाही म्हटलं की तीच गोष्ट मोठी होते.

शू पॉटीत करतं, पण शी अडवून धरतं. डायपर घातल्याशिवाय करतच नाही.

या प्रश्नाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण पुढची निम्मी दुखणी इथून सुरू होतात. एकदा शी कडक झाली, दुखलं, म्हणून मूल अडवतं. अडवल्याने आतड्यात पाणी आणखी शोषलं जातं, शी आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. पाय जुळवून चवड्यांवर उभं राहणं, कोपऱ्यात जाऊन अंग ताठ करणं, तोंड लाल होणं याला घरचे ‘जोर लावतंय’ समजतात. प्रत्यक्षात ते शी रोखून धरत असतं. काही दिवस अडवल्यावर कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. ते जुलाब नव्हेत. त्यावर जुलाबाचं औषध दिलं तर बद्धकोष्ठ वाढतो.

आधी शी मऊ करा, पॉटीचं नंतर. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या आत आणा. थोरली मुलं याच काळात बाटलीला चिकटतात आणि लिटरभर दुधावर राहतात, मग भाकरी-भाजीला पोटात जागाच उरत नाही. ज्वारीची भाकरी वरणात किंवा पालेभाजीत कुस्करून, पिकलेली पपई, बिया काढलेला पेरू, रात्री भिजवून सकाळी कुस्करलेल्या आठ-दहा काळ्या मनुका आणि पाणी हे रोज असू द्या. मैद्याची बिस्किटं आणि खारी कमी करा.

डायपरची अट मोडू नका, हळूहळू सरकवा. पहिल्या आठवड्यात शी डायपरमध्येच, पण मोरीत उभं राहून. मग डायपर घालूनच पॉटीवर बसून. मग डायपर सैल बांधून. मग खाली मोठं भोक पाडलेला डायपर घालून, म्हणजे शी भांड्यात पडेल. प्रत्येक पायरीवर चार-पाच दिवस थांबा. मूल बिथरलं तर एक पायरी मागे या.

शी आणि शूसाठी घरभर एकच शब्द ठेवा. आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलते, आई मराठीत, शेजारचे दख्खनीत, असं आपल्याकडे घरोघरी असतं. भाषा हव्या तेवढ्या बोला, पण या दोन गोष्टींना सगळ्यांनी एकाच नावाने हाक मारली तर मुलाला सांगणं सोपं जातं.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाचा तुकडा गुदद्वारात घालणं पूर्ण बंद करा. त्याने चिरा पडतात आणि भीती दुप्पट होते. एरंडेलही स्वतःच्या मनाने देऊ नका. आठवडाभर आहार बदलूनही शी कडकच असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते शी मऊ करणारं औषध देतात. दोन दिवस बरं वाटलं म्हणून ते थांबवू नका, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला अनेक आठवडे लागतात.

आजी म्हणतात, आमच्या वेळी सहा महिन्यांतच पायावर बसवून सवय लावायचो.

आजींची पद्धत वाईट नाही. दोन पावलं जुळवून त्यावर बाळाला बसवणं, ‘श्श्’ असा आवाज काढणं, यात बाळाची वेळ मोठ्या माणसाला कळते आणि पुष्कळ लंगोट वाचतात. धाकट्याची मान धरल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनंतर, जबरदस्ती न करता आजींनी खुशाल करावं. फक्त ही सवय बाळापेक्षा आजींना लागलेली असते. मुलाने स्वतः ओळखून, सांगून, चड्डी काढून बसणं हा वेगळा टप्पा आहे आणि तो त्याच्या वयानेच येतो. म्हणून धाकट्याची पायावरची शी दाखवून थोरल्याला ‘बघ, बाळसुद्धा करतंय’ म्हणू नये.

रात्रीचं काय?

रात्रीचा डायपर चालू ठेवा. रात्री कोरडं राहणं हे शरीर पक्व होण्यावर अवलंबून आहे, शिकवून येत नाही. दिवसाची सवय लागल्यावर महिने, कधी वर्षंही जातात. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार मानत नाहीत. सलग दहा-बारा सकाळी डायपर कोरडा निघाला की मग काढा.

अंथरूण असं घाला: गादी, मेणकापड, टेरी, पातळ चादर, आणि त्यावर पुन्हा मेणकापड, टेरी, चादर. रात्री दोनला ओलं झालं तर वरचा थर ओढून काढायचा की खाली कोरडं तयार. बाळाला पाजायला उठलेल्या आईला हे अर्ध्या झोपेतही जमतं.

थोरल्याच्या शी-शूने बाळाला काही होऊ शकतं का?

शूचं भय नाही. शीचं आहे. थोरल्याची शी पॉटीतून थेट संडासात ओता. उघड्या गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. लहान मुलाची शीदेखील मोठ्यांइतकीच जंतू पसरवते. भांडं आधी पाण्याने विसळा, मग साबणाने घासा. लघवीने भरलेल्या भांड्यात ब्लीच ओतू नका, आणि ब्लीच व संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका.

पुसल्यावर तुमचे आणि थोरल्याचे, दोघांचेही हात साबणाने किमान २० सेकंद धुतले गेले पाहिजेत, मगच बाळाला हात. मुलींना पुढून मागे पुसायला शिकवा. शीचे कपडे आणि बाळाची दुपटी वेगळ्या बादलीत. थोरल्याला जुलाब लागले तर बरं होईपर्यंत ट्रेनिंग थांबवा, ओआरएस द्या (एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच), आणि झिंक किती द्यायचं ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, वरचं पाणी नको. बाळाच्या रोटाव्हायरस लशीचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, ते चुकवू नका.

आईच्या दुधावरच्या बाळाची पिवळी, पातळ शी दिवसातून अनेकदा होते. ती पाहून थोरल्याकडून बाधा झाली असं समजू नका.

उन्हाळ्यात सुरू करावं की थंडीत?

उन्हाळ्यात कपडे कमी आणि चड्ड्या तासाभरात वाळतात, ही मोठी सोय. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, घामातून पाणी जातं आणि लघवी कमी व गडद होते. मूल चार तास कोरडं राहिलं म्हणून खूश होऊ नका, ते तहानलेलं असू शकतं. दूध धरून दिवसाला एक ते सव्वा लिटर द्रव एरवी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ‘शू करील’ म्हणून पाणी तोडणं सर्वांत वाईट. लघवी फिकट पिवळी दिसली पाहिजे. गच्चीवर किंवा अंगणात तापलेल्या प्लॅस्टिकच्या पॉटीवर बसवण्याआधी हात लावून बघा.

थंडीत घाम नसल्याने शू वारंवार होते आणि कपड्यांचे थर आड येतात. तेव्हा बसवण्यातलं अंतर अर्ध्या तासाने कमी करा.

पाणी साठवलेल्या बादल्या आणि पिंपांचं काय?

मोरीकडे स्वतःहून जायला शिकलेलं मूल बादलीपर्यंतही पोचतं. वीतभर पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकतं, आणि ते आवाज करत नाही. आई बाळाला पाजत असते नेमक्या त्याच वेळात हे घडतं. पॉटी खोलीत ठेवण्याचं हेही एक कारण. मोरीच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या वर कडी लावा. पिंपांना घट्ट झाकण, हौदाला जाळी, रिकाम्या बादल्या पालथ्या. झाकण असलं की डेंग्यूच्या डासांचीही सोय होत नाही. फिनेल आणि ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरू नका.

लग्नाला, गड्ड्यावर (सिद्धेश्वर यात्रेला) किंवा प्रवासात कसं न्यायचं?

निघताना शू, पोचल्यावर पहिली गोष्ट शू. पिशवीत तीन चड्ड्या, दोन पायजमे, दोन टेरी, ओल्या कपड्यांची प्लॅस्टिक पिशवी, साबणाची वडी आणि पाण्याची बाटली. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत संडास शोधण्यात वेळ जातो, तिथे डायपर घातला तरी चालेल. त्याला घालताना ‘गर्दीपुरता’ एवढं सांगा आणि घरी येताच काढा.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

लघवी करताना रडणं, ताप, लघवीला उग्र वास किंवा रक्त, थेंब-थेंब सतत गळणं, मुलग्याची धार फार बारीक असणं, शीला रक्त लागणं, आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक ओलं करू लागलं आणि सोबत खूप तहान लागते, वजन उतरतं, असं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. घरात बाळ आलंय म्हणून तसं होत असेल असं म्हणून हे लक्षण बाजूला सारलं जातं, म्हणून वेगळं सांगितलं.

चार वर्षं पूर्ण होऊनही दिवसा सवय लागत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. जाताना कॅलेंडरवरची ती वेळांची नोंद आणि आठवडाभर काय खाल्लं-प्यायलं ते लिहून न्या.